आजीचे शब्द टिपायचेत? आधी तिच्यासोबत गहू निवडायला बसा

माझं माहेर साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. सासर अमरावतीचं. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सासूबाई स्वयंपाकघरातून जाता जाता म्हणाल्या, "भाजीत थोडा सांबार टाकजो वं." मी फ्रीज उघडून सांबाराचं पातेलं शोधत बसले. इडली तर केलीच नव्हती, मग सांबार आलं कुठून, आणि ते वांग्याच्या भाजीत का घालायचं, काही कळेना. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. ती माझ्या डोळ्यांसमोर ताटलीत चिरून ठेवलेली होती.

मग रोज एक नवीन सापडायला लागलं. पातेल्याला गंज, चवळीला बरबटी, टोमॅटोला भेदरं, आणि लाल भोपळ्याला कोहळं. आमच्याकडे कोहळा म्हणजे ज्याचा पेठा करतात तो! मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहायला लागले. त्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा लक्षात आलं, की सासूबाईंचे शब्द मी हौसेने लिहिते, पण माझी स्वतःची आजी बोलते त्यातलं निम्मं मी नुसतं "हं, हं" करत सोडून देत आले आहे.

त्यानंतरच्या चार वर्षांत दोन वह्या भरल्या आणि तीसेक ध्वनिमुद्रणं झाली. चुकाही भरपूर केल्या. तुम्हाला तुमच्या घरातले असे शब्द, म्हणी, बोलण्याच्या तऱ्हा टिपायच्या असतील, तर माझी पहिली दोन वर्षं ज्यात वाया गेली ते तुम्हाला टाळता यावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

हाताशी काय हवं

- फोन, आणि त्यात निदान दोन-तीन तासांच्या ध्वनिमुद्रणाला पुरेल इतकी जागा.
- साधी वही आणि पेन. म्हाताऱ्या माणसांना समोर धरलेल्या फोनपेक्षा वही बरी वाटते.
- घरातली जुनी भांडी, अवजारं, कपडे. माळ्यावर असतील तर आधी खाली काढून ठेवा.
- जुने फोटो, लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या, पत्रं. मोडीत लिहिलेलं काही निघालं तर बाजूला ठेवा, मोडी वाचणारं माणूस गाठून ते वेगळं बघावं लागतं.
- गावाचं आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांचं नाव, शिवाय ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं अंदाजे जन्मवर्ष.

कॉलरला लावायचा छोटा माइक मिळाला तर उत्तम. नसला तर पंखा बंद करा आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या.

१. सुरुवात कुणापासून करायची

सगळ्यात वयस्कर माणूस पहिलं, हा उघड नियम. पण तो पुरेसा नाही. माझे आजोबा आजीपेक्षा सात वर्षांनी मोठे होते, पण उभी नोकरी मुंबईत गिरणीत गेलेली. त्यांच्या बोलण्यात दहा गावांची भेळ होती. आजी मात्र लग्नाआधी आणि लग्नानंतर मिळून पंधरा कोसांच्या बाहेर फारशी गेलीच नव्हती. गिरणीतलं बोलणं हाही मोठा खजिना आहे, फक्त तो वेगळ्या वहीत जायला हवा.

घरातल्या बायका लग्न करून दुसऱ्या गावाहून आलेल्या असतात हेही विसरू नका. आजी "आमच्यात असं म्हंत्यात" म्हणाली, की लगेच विचारा, आमच्यात म्हणजे माहेरात की सासरात? माझ्या पहिल्या वहीत हे कुठेच नाही. नंतर पन्नासेक शब्दांसाठी पुन्हा फोन करावा लागला, आणि तोवर तिलाही नक्की आठवेना.

ऐकू कमी येणाऱ्या, लवकर थकणाऱ्या माणसाला आधी गाठा. ठणठणीत माणूस पुढच्या सुट्टीतही भेटेल.

२. विचारून घ्या

"तुझं बोलणं फोनमध्ये साठवू का?" एवढं स्पष्ट विचारायचं. लपवून रेकॉर्डिंग करायचं नाही. आजी म्हणाली होती, "साठव की. पर धाकलीचं भांडण नगं त्यात." म्हणजे तिला पक्कं कळलं होतं. भाऊबंदकी, जमिनीचे वाद, कुणाच्या पळून जाण्याच्या गोष्टी या शब्दांबरोबर येणारच. तेवढा भाग काढून टाकायचं कबूल करा आणि खरंच काढा.

३. शब्द विचारू नका, काम विचारा

या लेखातलं हे एकच कलम वाचलंत तरी चालेल.

मी पहिल्या दिवशी आजीसमोर फोन ठेवून म्हटलं, "आजी, जुने शब्द सांग ना." तिचं उत्तर होतं, "आगं बया, मला कुठलं आलंय शब्द-बिब्द. साळंची पायरी बी चढले न्हाय मी." आणि मग माझ्याशी ती इतकी सांभाळून बोलायला लागली, की जणू तलाठी आला आहे. "न्हाय"चं "नाही" झालं, "म्या"चं "मी" झालं.

शब्द सुटा आठवत नाही. तो वस्तूला किंवा कामाला चिकटलेला असतो. दुसऱ्या खेपेला मी काही न विचारता तिच्यासोबत गहू निवडायला बसले. फोन बाजूला कोनाड्यात. पाऊण तासात मिळालेलं हे बघा: सूप, रोवळी, दुरडी, पाखडणं, घोळणं, कोंडा, कणी, आणि मग गव्हावरून जात्यावर गाडी गेली तेव्हा खुंटा, माकडी, वैरण. जात्यात मूठमूठ धान्य टाकायचं त्याला वैरण घालणं म्हणतात. मला वैरण म्हणजे फक्त जनावरांचा चारा माहीत होता.

चुलीपाशी बसले तर वैल निघाला. चुलीच्या मुख्य तोंडाला लागून दुसरं छोटं तोंड असतं, तिथे आच कमी लागते, त्यावर भाजी नाहीतर दूध ठेवतात. "कालवण वैलावं सार आन् तवा ठिव" हे वाक्य मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं असेल. अर्थ कधी विचारलाच नव्हता, कारण वाक्य मला उद्देशून नसायचं.

काही युक्त्या:

- वस्तू हातात द्या, नाव तुम्ही घेऊ नका. "सांडशीला तुमच्यात काय म्हणतात?" असं विचारलं की उत्तर येतं "सांडशीच म्हंत्यात." तोंडात शब्द घातला की तोच परत मिळतो.
- दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवा आणि स्वतः गप्प राहा. आजी आणि तिची धाकटी जाऊ, यांच्या दोन तासांच्या बोलण्यात मला जे मिळालं ते एकट्या आजीकडून चार महिन्यांत मिळालं नव्हतं. त्या एकमेकींची चूक काढतात, आणि चूक काढताना माणूस खरं बोलतो.
- घर नसेल तर घराचा नकाशा काढायला सांगा. जमिनीवर खडूने. ओसरी कुठे, माजघर कुठे, बळद कुठल्या भिंतीत, पेव कुठे होतं, आगळ कुठल्या दाराला. बोट फिरेल तसे शब्द येतात.
- चुकीचं बोला. मी मुद्दाम "पेव म्हणजे कणगीच ना?" असं विचारलं. त्यावर दहा मिनिटांचं व्याख्यान झालं. पेव जमिनीखाली खणलेलं, कणगी बांबूची विणलेली. पेवात उतरायच्या आधी ते उघडं टाकून वारा खेळवायचा, नाहीतर आत जीव गुदमरतो, इथपर्यंत.

परदेशात असाल आणि आजी व्हिडिओ कॉलवरच भेटत असेल, तर तिच्या घरातलं कुणीतरी हाताशी घ्या. ते वस्तू पुढे करतील आणि तुम्ही गप्प ऐकाल. तुम्ही प्रश्न विचारायचे आणि तिने उत्तरं द्यायची, हा प्रकार फोनवर तर आणखीनच लवकर संपतो.

४. एका बैठकीत एकच विषय

चूल, शेत, नाती, दागिने, आजारपणं, खेळ, कपडे असे विषय पाडून घ्या आणि एका वेळी एकच घ्या. दागिन्यांचं फार सांगत नाही. ठुशी, वज्रटीक, बुगडी, गोठ, पाटल्या हे आता सराफाच्या जाहिरातीतही असतात. कपड्यांत मात्र "दंड" विचारा. लुगडं मधोमध विरलं की तो भाग कापून दोन धड तुकडे जोडायचे, त्या शिवणीला दंड. अशा लुगड्याला कुणी फाटकं म्हणत नसे.

दोन विषयांवर मात्र मुद्दाम वेळ घालवा, कारण तिथे शब्द सर्वांत वेगाने गेले आहेत.

पहिला विषय वेळेचा. आजीला घड्याळ कळत नव्हतं, पण तिची वेळ कधी चुकली नाही. पहाटे आधी चांदणी उगवायची, मग तांबडं फुटायचं, मग झुंजूमुंजू व्हायचं. त्यानंतर दिवस कासराभर वर यायचा. कासरा म्हणजे बैलाला धरायचा दोर. क्षितिजापासून सूर्य तेवढा वर आला असं डोळ्यांनीच मापायचं. संध्याकाळी दिवेलागण, कातरवेळ, तिन्हीसांजा. या शब्दांचे अर्थ एकमेकांवर चढतात, म्हणून "तेव्हा तू काय करत असायचीस?" असं विचारा. झाडलोट, धार काढणं, न्याहारी बांधणं, अशा कामांवरून वेळ पक्की होते.

त्याच बैठकीत घटका निघते. दिवसरात्रीच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. आता "औट घटकेचं राज्य" आठवा. औट म्हणजे साडेतीन. तेव्हा ते राज्य ८४ मिनिटांचं! ही औटकी शाळेत पाढ्यांत असायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. घरात चौथीपर्यंत शिकलेले कुणी आजोबा असतील तर म्हणून दाखवायला सांगा. अर्थ विसरलेले असतात, पण चाल विसरत नाहीत.

दुसरा विषय मापं आणि नाणी. आमच्याकडचं कोष्टक असं होतं: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, बारा पायल्या म्हणजे एक मण, वीस मण म्हणजे एक खंडी. पायलीचा अर्धा तो अधोली. शेराचं भांडं गावोगावी लहानमोठं असे, म्हणून किलोत बदलून लिहायच्या भानगडीत पडू नका. जे सांगितलं ते तसंच लिहा. हे कोष्टक हाती असलं की "पायलीची सामसूम, चिपट्याची धामधूम" ही म्हण आपोआप उलगडते. एका पायलीत सोळा चिपटी. जो मोठा तो गप्प, आणि त्याचा सोळावा हिस्सा गाव डोक्यावर घेतोय.

नाण्यांत चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १६ आण्यांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्या बदलाच्या गमती विचारा. बाजारात कसं फसवलं गेलं, हिशेब कोण करून द्यायचं. अशा बैठकीत माणसं खुलतात.

कुठलाही विषय अडला तर एखादी मोठी घटना काढा. आमच्या भागात १९७२ चा दुष्काळ हे हमखास चालणारं दार आहे. सुकडी, मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी), खडी फोडायचं काम, हजेरीपट, सगळं बाहेर येतं. सातारा-पाटणकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, पुण्यात १२ जुलै १९६१ चं पानशेत, मराठवाड्यात वयस्करांकडून रझाकारांचे दिवस, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट. यांपैकी काही आठवणी जड असतात. समोरचा माणूस गप्प झाला तर विषय बदला.

५. म्हणी: अर्थ नंतर, आधी प्रसंग

"आजी, म्हणी सांग" म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्याच येतात. नाचता येईना अंगण वाकडं, वगैरे. त्या लिहून काही साधत नाही.

म्हण भांडणात, सोयरिकीच्या बोलण्यात आणि पावसाच्या चिंतेत येते. तेव्हा पकडा. माझ्या मामाने कर्ज काढून गाडी घेतली तेव्हा आजी पुटपुटली, "आडातच न्हाय तर पव्हऱ्यात कुठनं यायचं?" आड म्हणजे विहीर, पोहरा म्हणजे पाणी शेंदायचं भांडं. मी म्हणीखाली तो प्रसंग लिहिला. आज वही वाचताना म्हणीपेक्षा तो प्रसंगच जास्त बोलतो. (मामाला वही दाखवलेली नाही.)

पावसाच्या म्हणी घ्यायच्या तर जूनमध्ये मृग लागताना जा. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. "पडल्या मघा तर बरं, न्हायतर वरती बघा" हे आजीचं सभ्य रूप. आजोबांचं रूप चुलीपुढे काय करायचं ते सांगतं आणि ते इथे लिहिता येत नाही. वहीत मात्र दोन्ही आहेत.

अर्थावर भांडण झालं तर दोन्ही अर्थ ठेवा. "पडल्या चित्रा तर भात न खाई कुत्रा." ऑक्टोबरातल्या पावसाने भात असा नासतो की कुत्रंही तोंड लावत नाही, असं एकीचं म्हणणं. इतका पिकतो की कुत्रीसुद्धा कंटाळतात, असं दुसरीचं. आपण न्यायाधीश व्हायचं कारण नाही.

६. नोंद कशी करायची

माझ्या पहिल्या वहीत नुसते "शब्द = अर्थ" आहेत. ती वही आता जवळजवळ निरुपयोगी आहे. नंतर असं लिहायला लागले:

- शब्द: मावळण
- कोणाकडून: आजी (आईची आई), वय ८४ च्या आसपास
- कुठला: माहेरचा, सासरीही ऐकलेला
- अर्थ: आत्या, वडिलांची बहीण
- तिचं वाक्य, जसंच्या तसं: "मावळणीला साडी नगं व्हय? रुसंल की."
- कधी, कुठे: दिवाळी, पाडव्याची तयारी चालली होती
- शेरा: आईच्या तोंडी "आत्या"च. खानदेशातल्या मैत्रिणीकडे "फुई".

वाक्याशिवाय शब्द लिहायचा नाही, एवढा एक नियम पाळा.

सापळा इथे एकच, पण मोठा. आपण नकळत शुद्ध करून लिहितो. "पानी" ऐकलं तर "पानी" लिहा, "कव्हा" ऐकलं तर "केव्हा" करू नका. लातूर-नांदेडकडचे आजोबा "येऊलालो" म्हणाले तर ती चूक नव्हे, ते त्यांचं व्याकरण आहे. नागपूरकडचं "करून राहिलो" तसंच, अहिराणीतलं "आंडोर" (मुलगा) तसंच, मालवणीतलं "झिल" आणि "चेडू" तसंच. शुद्धलेखनाचे नियम तुमच्या शेऱ्यात पाळा, त्यांच्या वाक्यात नको.

आणि घरगुती शब्द वेगळे खुणावून ठेवा. आमच्या घरात कुकरला "शिट्टीबाई" म्हणतात. मी तो माणदेशी शब्द समजून महिनाभर मिरवला. तो माझ्या मामेभावाने तिसऱ्या वर्षी काढलेला निघाला.

७. ध्वनिमुद्रण आणि ते उतरवणं

फोन विमान-मोडवर टाका. माझी चाळीस मिनिटांची एक बैठक, जात्यावरच्या ओव्यांची, मध्येच फोन आल्याने थांबली आणि मला कळलंच नाही. ओव्या परत म्हणवून घेतल्या, पण पहिल्यांदा म्हणताना ती जिथे रडली होती तिथे दुसऱ्यांदा नुसती पुढे गेली.

सुरुवातीला तारीख, गाव, कोण बोलतंय हे तुमच्याच आवाजात बोला. फाइलला नाव देताना वर्ष आधी टाका, "२०२२-११-०६-आजी-चूल" असं. नाहीतर वर्षभरात "नवीन रेकॉर्डिंग १७" पुढे डोकं धरून बसाल.

उतरवायला वेळ लागतो. मला तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लागले. बोललेलं आपोआप टाइप करणारी सोय वापरून बघितली. ती आजीचं बोलणं पुस्तकी मराठीत ओढते, नाहीतर भलतंच काही लिहिते. म्हणून कान लावून हातानेच करा. सगळं नको असेल तर निदान कितव्या मिनिटाला काय आहे याची यादी करा.

हे काम कुठवर जाऊ शकतं ते सांगते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने टिपून ठेवलं म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यानंतरही त्यांची गाणी राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता "पारी" या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आपली वही तेवढी होणार नाही, पण एकदा त्या ओव्या ऐका. तुमच्या आजीकडे काय विचारायचं ते सुचत जाईल.

८. कोशात शोधा, पण घाई नको

तीन-चार जागा पुरतात.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सात भाग, १९३२ ते १९३८. यात शब्दापुढे कंसात (व.) वऱ्हाडी, (ना.) नागपुरी, (खा.) खानदेशी, (गो.) गोमंतकी, (कु.) कुडाळी अशा खुणा असतात. त्या वाचायची सवय लावा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात, आणि "बृहद्कोश" या संकेतस्थळावर अनेक कोश एकदम चाळता येतात. म्हणी-वाक्प्रचारांसाठी दाते-कर्वे यांचाच महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आहे. शिवाय पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, त्यात कुठल्या वस्तूला कुठल्या जिल्ह्यात काय म्हणतात ते नकाशावर दिसतं.

शब्द सापडला नाही तर लगेच "कुठेच नसलेला शब्द" म्हणून नाचू नका. "न"चा "ण" करून बघा, "य"चा "व", शेवटचा अनुस्वार काढून, शेवटी "णें" लावून. "येळवस" (लातूरकडचा शेतातला सण) शोधून मिळणार नाही कदाचित, "वेळ अमावास्या" शोधा.

सापडलेला अर्थ तुमच्या आजीच्या अर्थाशी जुळला नाही तर आजीचा खोडू नका. "आगळ" आमच्याकडे दाराला आतून लावायचा आडवा दांडा. कोकणातल्या मैत्रिणीने मला बाटलीभर आगळ दिलं, ते कोकमाचं. दोन्ही खरे.

व्युत्पत्तीपासून मात्र चार हात लांब राहा. प्रत्येक शब्द संस्कृतातून ओढून काढायची हौस आपल्या लोकांना फार. आजीच्या स्वयंपाकघरातलं "तूप" कानडीशी नातं सांगतं, "अक्का" आणि "अण्णा" तिकडचेच. "घमेलं", "चावी", "पगार", "बटाटा" पोर्तुगीजांकडून आलेले. आजोबा ज्याला "घासलेट" म्हणायचे त्याच्या मागे इंग्रजीतली गॅसलाइट आहे. खात्री नसेल तिथे रकाना कोरा ठेवावा.

९. शिव्या, आजार आणि नको त्या म्हणी

हे वगळू नका. मुडद्या, काळतोंड्या, कैदाशीण, अवदसा, "जळली मेली लक्षणं". ठेवणीतलं मराठी इथेच आहे. आजारांत पटकी (कॉलरा), मोडशी, देवी विचारा. मानमोडी म्हणजे १९१८ ची ती फ्लूची साथ, आजीने तिच्या आईकडून ऐकलेली.

टाळलेले शब्दही लिहा. दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. रात्री सापाचं नाव नाही, "लांबडं" किंवा "जनावर". असे शब्द आजी सहज बोलून जाते, म्हणून कान तिकडे ठेवा.

राहिल्या जातींवरच्या, विधवांवरच्या, सुनांवरच्या म्हणी. जुन्या माणसांच्या तोंडी त्या भरपूर असतात आणि बऱ्याचशा विखारी असतात. मी त्या लिहिल्या आहेत, वहीच्या शेवटी, कोण कोणाला म्हणायचं ते धरून. पण कुटुंबाच्या ग्रुपवर "जुनं ते सोनं" म्हणून टाकत नाही. एका चुलत्याने टाकली होती. त्यावर जे झालं ते फार लांबचं आहे.

१०. ठेवायचं कुठे

तीन ठिकाणी. फोनमध्ये एक, घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पेनड्राइव्हवर एक, ऑनलाइन एक. वहीच्या पानांचे फोटो काढा. टाइप करायचं तर युनिकोडमध्ये. जुन्या टंकांत केलेलं दहा वर्षांनी उघडताना चौकोन चौकोन दिसतात. बाहेर द्यायचं असेल तर मराठी विक्शनरीवर शब्द घालता येतात. पण आजीचं नाव, गाव, आवाज देण्याआधी तिला पुन्हा विचारा. पहिल्या परवानगीत हे आलेलं नसतं.

११. वाचून दाखवा

वही थोडी भरली की तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचा. इथे दुरुस्त्या होतात. मी "शिंकाळं" खाली "दही टांगायचं" लिहिलं होतं. "दहीच कशाला, भाकरी बी. मांजर खातंय म्हणून," असं झालं.

गेल्या उन्हाळ्यात मी तिला तिचीच वाक्यं वाचून दाखवत होते. पाचव्या-सहाव्या वाक्याला तिने थांबवलं.

"ह्ये कोन म्हनलं?"

"तूच की. चुलीपाशी, मागल्या दिवाळीत."

"मी न्हाई बाई आसं येड्यावानी बोलत," ती म्हणाली, आणि सूप पुढ्यात ओढून घेतलं. "ती तुझी धाकली आजी आसंल. तिला सांगतेच थांब, पयलं मला त्यो खुराडा झाकून यिऊ दे."

खुराडा वहीत नव्हता.